आधी छप्पर, मग रंग : जुन्या घरांच्या जतनाचे काही पाठ

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. घर बांधताना माणसाची शक्ती, पैसा आणि धीर या तिन्हींची परीक्षा होते, हा त्या म्हणीचा आशय. परंतु बांधलेले घर शंभर वर्षांनंतर राखावयाचे असेल, तर त्या परीक्षेचे स्वरूप आणखी निराळे असते. तेथे पैशापेक्षा समज अधिक लागते. ही समज नसेल तर केलेला खर्चच घराच्या मुळावर येतो. जुनी घरे दुरुस्त करून ती पुन्हा रंगीत व देखणी करण्याची आवड अलीकडे वाढीस लागली आहे. ही गोष्ट स्वागतार्हच होय. मात्र ही आवड योग्य वळणाने जावी, या हेतूने या विषयाचा थोडा सविस्तर विचार येथे करावयाचा आहे.

पुणे-मुंबई मार्गावरील कान्हे फाट्यापासून आत वळले आणि इंद्रायणीवरील पूल ओलांडला की टाकवे बुद्रुक लागते. आंदर मावळाचे हे प्रवेशद्वार. गेल्या काही दशकांत या परिसरात कारखाने आले, रस्ते झाले आणि गावोगावी सिमेंटची नवी घरे उभी राहिली. तरीही टाकव्यापासून पुढे डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या गावांतून फिरताना दगडी जोते, सागवानी खांब, उतरते कौलारू छप्पर आणि गेरूने रंगविलेली ओटी असलेले एखादे घर अजून दृष्टीस पडते. याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला, लोणावळा-खंडाळा येथे, जुन्या घरांचा दुसरा एक प्रकार आढळतो. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये आणि भोर घाटाचा अवघड टप्पा १८६३ मध्ये खुला झाला. त्यानंतर मुंबईचे व्यापारी व अधिकारी थंड हवेसाठी येथे येऊ लागले आणि त्यांचे बंगले उभे राहिले. व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीतील अभिरुचीची छाप त्यांवर स्पष्ट दिसते. प्रशस्त व्हरांडे, पाखांच्या कडेला कातीव लाकडी झालर, दारांवर रंगीत काचांची तावदाने आणि नक्षीदार लोखंडी कठडे ही त्यांची लक्षणे होत.

गावातील कौलारू घर आणि लोणावळ्याचा बंगला यांचे रूप भिन्न असले, तरी प्रकृती एकच आहे. दगड, विटा, माती, चुना, लाकूड आणि कौल या साहित्यावर दोन्ही उभी आहेत. म्हणून त्यांची दुखणी एक आणि त्यांवरील उपायही एकच.

घराची प्रकृती

सिमेंटचे घर आणि चुन्यामातीचे घर यांत मूलभूत फरक आहे. सिमेंटचे घर पाण्याला बाहेरच अडवू पाहते. चुन्यामातीच्या घराची रीत तशी नाही. त्याच्या जाड भिंती पावसाळ्यात काही ओलावा घेतात आणि दसऱ्यानंतर ऊन व वारा लागताच तो पुन्हा हवेत सोडून देतात. चुन्याच्या गिलाव्याला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून हा ओलावा वाफेच्या रूपाने बाहेर पडतो. भिंत श्वास घेते असे जुने गवंडी म्हणत, त्याचा अर्थ हाच.

मावळात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. लोणावळा परिसरात वर्षाकाठी सुमारे चार हजार मिलिमीटर आणि कित्येक वर्षी त्याहूनही अधिक पाऊस पडतो. पूर्वेस वडगाव-तळेगावकडे जावे तसतसा तो झपाट्याने कमी होत जातो. तरीही डोंगरालगतच्या गावांना चार महिने झड सोसावी लागते. अशा प्रदेशात जुन्या कारागिरांनी उंच जोते, तीव्र उताराचे छप्पर आणि भिंतीपासून बरीच पुढे आलेली वळचण यांची योजना केली, ती केवळ शोभेसाठी नव्हे. पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर पडावे, हा तिचा हेतू होता.

पाण्यापासून जपले तर लाकूड किती काळ टिकते, याचा दाखला याच तालुक्यात आहे. कार्ले आणि भाजे येथील चैत्यगृहांच्या कमानदार छताखाली बसविलेल्या लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांनंतर आजही पाहावयास मिळतात. वरचा कातळ हेच त्यांचे छप्पर. लाकडाचा शत्रू त्याचे वय नसून ओल आहे, हे त्या फासळ्या पाहणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही.

महाग पडलेला एक सल्ला

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वेधले ते स्वतःच्या एका चुकीमुळे. आंदर मावळात आमचे आजोळ होते. घर दोनघई, भिंती दगडमातीच्या आणि वरून चुन्याचा गिलावा असलेल्या. ओटीच्या भिंतींना आजी दर दिवाळीपूर्वी चुन्याचा हात देत असे आणि खाली गेरूचा पट्टा ओढत असे. पुढे घरात लग्नकार्य निघाले, तेव्हा घर ‘पक्के’ करून घ्यावे असे मामांच्या मनात आले. शिकलेला भाचा म्हणून त्यांनी मला विचारले आणि सिमेंटचा गिलावा करून वर प्लास्टिक पेंट लावावा, असा सल्ला मी मोठ्या आत्मविश्वासाने दिला. जुना गिलावा टोकरून काढण्यात आला. आमच्या ओळखीच्या वृद्ध गवंड्याने, भिंत कोंडू नका, असे एकदा सुचवून पाहिले. त्याच्या बोलण्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

पहिल्या वर्षी घर फार सुंदर दिसले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर रंगाला फोड आले आणि जोत्याच्या वर कमरेइतक्या उंचीपर्यंत पांढरा लोणा फुटला. जमिनीतून वर चढलेल्या ओलीला बाहेर पडण्याचा मार्ग उरला नव्हता. ती आतल्या आत साठत गेली आणि भिंतीतील माती मऊ झाली. भिंतीत रुतलेली तुळयांची टोके कुजू लागली, तरी बाहेरचा गुळगुळीत गिलावा ते दिसू देईना. पाचव्या पावसाळ्यात माजघराची भिंत पोटात फुगली आणि घराचा मागील अर्धा भाग उतरवून घ्यावा लागला. त्यानंतर आजी ओटीवर फारशी बसली नाही. मामांनी मला कधी बोल लावला नाही, परंतु तो सल्ला कोणाचा होता हे मला विसरता आलेले नाही.

असे अनुभव आज गावोगावी येत आहेत. घरमालकाचा हेतू चांगला असतो आणि खर्चही पुष्कळ होतो. केवळ साहित्याची निवड आणि कामाचा क्रम चुकल्याने जे घर आणखी दोन पिढ्या टिकले असते, ते दहा वर्षांत पाडावे लागते. सिमेंट हे साहित्य वाईट आहे, असा याचा अर्थ नव्हे. मात्र जुन्या, ओल घेणाऱ्या भिंतीशी त्याचे जमत नाही.

कामाचा क्रम

जुन्या घराच्या दुरुस्तीचा पहिला नियम असा की, काम वरून खाली यावे आणि रंग सर्वांत शेवटी लागावा.

प्रथम छप्पर. पूर्वी दरवर्षी वैशाखात घर शाकारण्याची पद्धत होती. ती सोडून दिल्यानेच निम्मी घरे खचली आहेत. फुटलेली कौले बदलावीत, सरकलेली नीट बसवावीत आणि आढ्यावरचे कोनाचे सांधे तपासावेत. मंगळुरी कौलांचा पहिला मोठा कारखाना बासल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे काढला. पुढे ही कौले सागरी व्यापाराने आणि लोहमार्गाने सर्वत्र पसरली. निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा किंचित भिन्न असतात. म्हणून नवी कौले आणताना जुने कौल नमुन्यादाखल बरोबर न्यावे. पाडलेल्या घरांची चांगली कौले मिळाल्यास ती अधिक बरी. भर दुपारी घरात उभे राहून वर पाहिले असता जेथून उजेडाचे ठिपके दिसतात, तेथून पाणी येते, ही सोपी कसोटी होय.

दुसरे काम पाण्याच्या निचऱ्याचे. पन्हळी स्वच्छ कराव्यात. पागोळ्यांचे पाणी जेथे पडते तेथे उताराची दगडी चर असावी. वर्षानुवर्षे अंगणात भर पडून किंवा रस्ता उंच होऊन जोते बुडाले असेल, तर भिंतीलगतची माती काढून ते मोकळे करावे. अनेक घरांत भिंतीच्या ओलीचे मूळ कारण एवढेच असते. अंगणात थेट भिंतीपर्यंत सिमेंटची फरशी घालू नये. त्यामुळे जमिनीतील ओल भिंतीकडे वळते.

तिसरे काम लाकडाचे. तुळया, वासे आणि खांब यांवर टोकदार हत्याराने टोचून पाहावे. जेथे हत्यार सहज रुतते तेथे लाकूड कुजलेले किंवा वाळवीने पोखरलेले असते. खांबाचे पायथे आणि भिंतीत गेलेली तुळयांची टोके विशेष लक्ष देऊन तपासावीत. एक टोक कुजले म्हणून सबंध तुळई बदलण्याची आवश्यकता नसते. कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापून त्याच जातीच्या, जुन्या व वाळलेल्या लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडता येतो. कुशल सुतार हे काम आजही करतात. बंगल्यांच्या लाकडी झालरीबाबतही हेच धोरण ठेवावे. एखादी फळी शिल्लक असली तरी तिच्या मापाने बाकीच्या कापून घेता येतात. म्हणून मोडकी झालर सरपणात टाकू नये.

चौथे काम भिंतीचे. भिंतीवर सिमेंट चढविलेले असेल आणि ते पोकळ वाजत असेल, तर हलक्या हाताने काढून टाकावे आणि भिंतीला निदान एक कोरडा हंगाम वाळू द्यावे. हा धीर धरणे घरमालकाला जड जाते, परंतु ओल्या भिंतीवर केलेले कोणतेही काम टिकत नाही. दगडांमधील दर्जा सिमेंटने न भरता चुन्याने भराव्यात.

चुना : विसरत चाललेली विद्या

चुन्याचे शास्त्र समजण्यास सोपे आहे. चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापविला की त्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरविला की लोण्यासारखा मऊ होतो. भिंतीवर लावल्यानंतर तो हवेतील तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड बनतो. ही क्रिया काही आठवड्यांपासून कित्येक महिन्यांपर्यंत चालते. म्हणूनच चुन्याच्या कामात घाई चालत नाही.

कळी विरविताना पाण्यात कळी टाकावी, कळीवर पाणी ओतू नये. तीव्र उष्णता निर्माण होऊन चुना अंगावर उडण्याची भीती असते. डोळ्यांना चष्मा व हातांना मोजे अवश्य वापरावेत आणि मुलांना दूर ठेवावे. विरविलेला चुना पाण्याखाली झाकून निदान दोन आठवडे मुरू द्यावा. जितका अधिक मुरेल तितका तो चांगला. गिलाव्यासाठी एक भाग चुना व दोन ते तीन भाग धुतलेली वाळू असे मिश्रण सामान्यतः चालते. जेथे ओल अधिक तेथे वाळूचा काही भाग कमी करून विटांची बारीक भुकटी, म्हणजे सुर्खी, मिसळतात. पूर्वी हे मिश्रण बैलाच्या घाणीत मळत असत आणि त्यात गूळ, हिरडा व बेलफळ यांचे पाणी घालीत. त्यामुळे चुना अधिक चिकट व कामाला सोपा होतो. भिंत आधी भिजवून पातळ थरांत गिलावा करावा, थेट उन्हापासून जपावा आणि आठ-दहा दिवस पाणी शिंपडून ओलसर ठेवावा.

अशा गिलाव्याचे आयुष्य किती असते हे पाहावयाचे असल्यास वाईजवळील मेणवलीस जावे. तेथील नाना फडणीसांच्या वाड्यात अठराव्या शतकानंतरही भिंतींवरील चित्रे पाहावयास मिळतात.

जुना रंग कसा शोधावा

घराला कोणता रंग द्यावा, हे ठरविण्यापूर्वी घराला पूर्वी कोणता रंग होता हे पाहणे उद्‌बोधक ठरते. कडीच्या मागे, खिडकीच्या चौकटीच्या आतल्या बाजूस किंवा वळचणीखाली, जेथे ऊनपाऊस कमी लागतो अशी जागा निवडावी. तेथे धारदार पात्याने एकेक थर हलकेच उलगडत जावे आणि पायऱ्यांसारखे थर उघडे ठेवावेत. भिंगातून पाहिले की अनेकदा आश्चर्य वाटते. वरच्या राखी तैलरंगाखाली हिरवा, त्याखाली फिकट निळा आणि त्याखाली पिवडीचा मातकट पिवळा असा घराचा इतिहासच हाती लागतो. अगदी तळचा थर अस्तराचा असू शकतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. जुन्या तैलरंगांत शिशाचे प्रमाण बरेच असे. दारे-खिडक्या कोरड्या घासल्यास ही विषारी धूळ श्वासावाटे व हातांवाटे शरीरात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर तिचा फार वाईट परिणाम होतो. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग इतकी ठरविणारे नियम २०१६ मध्ये करण्यात आले आणि ते नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्यापूर्वीचा कोणताही तैलरंग संशयास्पद मानावा. तो दिव्याने जाळून काढू नये. पाणी लावून ओल्या पॉलिश कागदाने घासावा, तोंडाला योग्य मुखपट्टी बांधावी, खाली पसरलेल्या कापडावरील राळ गोळा करून घ्यावी आणि काम चालू असताना गरोदर स्त्रिया व मुले यांनी त्या घरात राहू नये. जो जुना रंग घट्ट बसलेला आहे तो न काढता त्यावरच नवा हात देणे पुष्कळदा अधिक सुरक्षित असते.

रंगाची दृष्टी : जवळची आणि दूरची उदाहरणे

जुन्या वास्तूचे मूळ रंग शोधून ती पुन्हा सजविण्याचे मोठे काम आपल्याच राज्यात झाले आहे. मुंबईत भायखळा येथे १८७२ मध्ये खुले झालेले व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. काळाच्या ओघात त्याची दुरवस्था झाली होती. बृहन्मुंबई महानगरपालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात २००३ मध्ये करार होऊन जीर्णोद्धार हाती घेण्यात आला. छप्पर, लाकूड, लोखंड व काच यांची दुरुस्ती करून व्हिक्टोरियन काळातील समृद्ध रंगसजावट आणि सोनेरी काम पुन्हा प्रकाशात आणले गेले. २००५ मध्ये या कामास युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील वारसा जतनाचा सर्वोच्च पुरस्कार लाभला आणि २००८ मध्ये संग्रहालय जनतेस पुन्हा खुले झाले. एवढे सामर्थ्य सर्वसामान्य घरमालकाजवळ नसते हे खरे. पण पद्धत त्याला जरूर उचलता येईल. आधी अभ्यास करावा, मग दुरुस्ती आणि शेवटी रंग.

घरांचे उदाहरण हवे असेल तर गिरगावातील खोताच्या वाडीकडे वळावे. अरुंद बोळांतून उभी असलेली तेथील दुमजली घरे, त्यांचे लाकडी सज्जे, बाहेरचे जिने आणि निळे, पिवळे, लाल रंग पाहण्यास दुरून लोक येतात. एके काळी अशी सुमारे ६५ घरे होती, त्यांपैकी निम्म्याहून अधिक आज नाहीत. जागेची किंमत घराच्या किमतीपेक्षा वाढली की काय होते, हे तेथे दिसते. पणजीतील फोंतेन्य वस्तीतही पिवडी, गेरू आणि निळा यांच्या भिंती व पांढऱ्या पट्ट्यांनी रेखलेल्या खिडक्या आहेत. पोर्तुगीज अमदानीत पावसाळ्यानंतर घरे दरवर्षी रंगविण्याचा दंडक होता, असे तेथे सांगितले जाते. ही जपलेली वस्ती आज पर्यटकांचे आकर्षण झाली आहे.

याच प्रश्नाचा अनुभव अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराने घेतला आहे. तेथील व्हिक्टोरियन धर्तीची हजारो लाकडी घरे १९०६ च्या भूकंपात व आगीत नष्ट झाली. जी उरली त्यांतील अनेकांची नक्षी पुढील काळात काढून टाकण्यात आली आणि त्यांवर सिमेंटसारखे लेप व पत्रे चढविण्यात आले. पुष्कळ घरे करड्या रंगाने झाकली गेली. १९६३ च्या सुमारास बुच कार्डम या कलावंताने आपले घर निळ्या-हिरव्या रंगांत रंगविले. शेजाऱ्यांपैकी काहींनी नावे ठेवली, काहींनी अनुकरण केले. पाहता पाहता गल्ल्याच्या गल्ल्या रंगून गेल्या. १९७८ मध्ये ‘पेंटेड लेडीज’ या नावाचे पुस्तक निघाले आणि अशा घरांना तेच नाव पडले. या चळवळीने पाडली जाणारी घरे वाचविण्यास मोठा हातभार लावला. तिचे रंग मात्र मूळचे नव्हते. व्हिक्टोरियन काळातील रंग बहुधा मातीच्या छटांचे व अधिक संयत असत. तेव्हा घर मूळ रंगात आणावयाचे की आवडीच्या रंगात, याची निवड मालकाने जाणून करावी. दोन्ही मार्ग मोकळे आहेत, पण एकास दुसऱ्याचे नाव देऊ नये.

रंगसंगतीचा एक साधा नियम सांगता येईल. तीन रंग पुरेसे असतात. भिंतीला एक, चौकटी व खांब यांना दुसरा आणि झालर, कठडे अशा नक्षीकामाला उठाव देणारा तिसरा. रंगाने घराची घडण स्पष्ट व्हावी. ती झाकली जाऊ नये. कोरीव दगड, घडीव पाषाण आणि चांगल्या सागाचे काम यांना रंग न देणे हेच उत्तम रंगकाम होय.

चुन्याचा रंग करण्याची रीत

मुरलेल्या चुन्याच्या एका किलोस सुमारे पाच लिटर पाणी घालून ते दुधाइतके पातळ करावे व कापडाने गाळून घ्यावे. त्यात थोडे भिजवलेल्या डिंकाचे पाणी मिसळावे, म्हणजे हाताला रंग लागत नाही. रंगासाठी गेरू, पिवडी, हिरमजी अशा मातीच्या भुकट्या वापराव्यात. त्यांतील लोहाची संयुगे चुन्याच्या तीव्रतेला दाद देत नाहीत. निळ्यासाठी अल्ट्रामरीन चालतो. काही रासायनिक रंग चुन्यात लवकर विटतात, म्हणून आधी लहान तुकड्यावर लावून पाहावे. रंगाची भुकटी चुन्याच्या दहाव्या भागाहून अधिक असू नये.

भिंत किंचित ओली करून पातळ हात द्यावा आणि एक दिवसाच्या अंतराने असे तीन हात द्यावेत. ओला असताना हा रंग पारदर्शक व गडद दिसतो, वाळल्यावर तो भरून येतो व फिका होतो. नवशिक्याची फसगत येथेच होते आणि तो जाड थर थापतो. जाड थर पापुद्रे धरून गळून पडतो. प्लास्टिक पेंट असलेल्या भिंतीवर चुना धरत नाही, तो आधी काढलाच पाहिजे.

दारे-खिडक्यांच्या सागाला जवसाचे उकळलेले तेल पातळ करून फडक्याने चोळावे व जादा पुसून घ्यावे. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात बुडवून किंवा उन्हात मोकळी पसरून वाळवावीत.

हंगाम, खर्च आणि कारागीर

मावळातील कामाचा हंगाम दसऱ्यापासून सुरू होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भिंती वाळू द्याव्यात आणि लाकूडकाम करावे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा गिलाव्याचा काळ, मार्च-एप्रिल रंगाचा आणि वैशाखात छपराची अखेरची पाहणी. सर्व कामे एकाच वर्षी उरकण्याचा अट्टहास नसावा. पहिल्या वर्षी केवळ छप्पर व निचरा झाला, तरी घर वाचले असे समजावे.

चुन्याचे काम करणारे गवंडी आता कमी राहिले आहेत. जे आहेत ते वृद्ध आहेत. गावातील तरुण गवंड्यांनी त्यांच्या हाताखाली एखादे घर पूर्ण केले, तर त्या कौशल्याला लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांवरही काम मिळू शकेल. जुने घर उत्पन्नाचे साधनही होऊ शकते. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण स्वीकारले असून निवास व न्याहारीची योजनाही आहे. पावसाळ्यात मावळात येणारा पर्यटक सिमेंटच्या खोलीपेक्षा कौलांवरचा पाऊस ऐकत ओटीवर बसणे अधिक पसंत करील, यात संशय नाही.

आमच्या आजोळच्या घराचा पुढचा अर्धा भाग अद्याप उभा आहे. त्यावरील सिमेंट उतरविले, भिंत एक सबंध हिवाळा व उन्हाळा उघडी ठेवली आणि मग चुन्याचा गिलावा केला. रंग आजीच्याच हातचा ठेवला आहे, वर पांढरा आणि खाली गेरूचा पट्टा. त्यानंतरचे पावसाळे त्या भिंतीने विनातक्रार सोसले. गेलेला अर्धा भाग मात्र परत येणार नाही. वाचकांपैकी कोणाच्या जुन्या घराचे काम निघावयाचे असेल, तर रंगाच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वी त्याने एकदा शिडी लावून छपरावर चढावे आणि कौले नीट पाहावीत, एवढीच विनंती.